कुलूप शाबूत, कोयंडा गायब
न्हावा शेवा, उरण परिसरातील घरे आणि वाहने चोरांपासून कशी राखावीत?

न्हावा शेवा बंदरातून सुटणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरच्या दाराला एक जाडजूड बोल्ट सील लावलेले असते. ‘आयएसओ १७७१२’ या आंतरराष्ट्रीय मानकात बसणारे हे सील एकदा बसले की मोठ्या कटरशिवाय निघत नाही आणि कापले तर कापल्याचे लगेच दिसते. म्हणूनच कंटेनरमधील माल लांबवणारे चोर सीलच्या वाटेला जातच नाहीत. ते दाराच्या दांड्याचे रिव्हेट काढतात, हवा तेवढा माल उतरवून घेतात आणि नवे रिव्हेट ठोकून वर रंगाचा हात फिरवतात. कंटेनर मुक्कामी पोहोचतो तेव्हा सील जसेच्या तसे असते, आतला माल मात्र कमी भरतो.

घरफोडीच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येणारे वाक्य यासंदर्भात आठवून पाहावे. ‘अज्ञात चोरट्याने दरवाजाचा कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला.’ कुलूप तोडल्याचा उल्लेख त्या मानाने कमीच. याचे कारण उघड आहे. आपण बाजारात जाऊन चांगले, महागडे, सात लिव्हरचे कुलूप आणतो आणि ते अडकवतो पाऊण इंची स्क्रूंनी बसवलेल्या पत्र्याच्या कोयंड्यात. पहारीच्या एका हिसक्याने कोयंडा लाकडातून उपटून येतो आणि कुलूप त्याला तसेच लटकत राहते.

न्हावा शेवा आणि एकूणच उरण तालुक्यात हा विषय आज नव्याने मांडावा लागतो, कारण येथील वस्तीचा चेहराच पालटला आहे. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, त्याआधी हा भाग भातखाचरांचा, मिठागरांचा आणि मासेमारीचा होता. गावात शिरणारा अनोळखी माणूस पहिल्या ओटीवरच अडवला जाई आणि कोणाकडे निघालास, हे त्याला सांगावेच लागे. बंदरापाठोपाठ गोदामे आली, कंटेनर यार्ड आली, सिडकोचे द्रोणागिरी आणि उलवे हे नोड उभे राहिले. साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांवर इमारती झाल्या, गावठाणांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा लागल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल यांचे उद्‌घाटन एकाच दिवशी झाले. शिवडीहून समुद्रावरून येणारा २१.८ किलोमीटरचा सेतू चिर्ल्याजवळ उतरतो आणि न्हावा शेवा हे आता रेल्वे स्थानकाचेही नाव आहे. २०२५ च्या अखेरीस नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानेही उडू लागली. रस्ता सोयीचा झाला तो सर्वांसाठीच. रात्री दोन वाजता चोरलेली मोटार पहाटेपर्यंत कोठल्या कोठे पोहोचू शकते, हे वेगळे सांगायला नको.

येथे एक माहिती नवागतांसाठी. उरण तालुका महसुली दृष्ट्या रायगड जिल्ह्यात असला तरी न्हावा शेवा, उरण आणि मोरा सागरी ही पोलीस ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येतात. तातडीच्या मदतीसाठी ११२ हाच क्रमांक लक्षात ठेवावा.

दार, चौकट आणि खारा वारा

दाराची ताकद कुलपात नसून चौकटीत असते. कोयंडा आणि कडी बसवताना स्क्रूऐवजी आरपार जाणारे बोल्ट वापरावेत आणि त्यांचे नट आतल्या बाजूने घट्ट आवळावेत. म्हणजे बाहेरून स्क्रू काढण्याचा वा उपटण्याचा प्रश्नच राहत नाही. बिजागऱ्या तीनपेक्षा कमी नसाव्यात आणि दार बाहेर उघडणारे असेल तर बिजागरीची खीळ बाहेरून काढता येत नाही ना, हे सुताराकडून तपासून घ्यावे. लोखंडी सुरक्षा दार अनेक जण हौसेने बसवतात, परंतु त्याची चौकट भिंतीत खोलवर न रोवता नुसत्या प्लॅस्टरवर टेकवलेली असेल तर ती शोभेचीच म्हणायची. कोकणातल्या जुन्या घरांत दारामागे भिंतीच्या खोबणीत सरकणारा लाकडी अडसर असे. आजच्या ‘मल्टिबोल्ट’ कुलपाचे तत्त्व तेच आहे. दार एका ठिकाणी न धरता ते अनेक ठिकाणी चौकटीत गुंतवायचे.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे बाहेर लटकणारे कुलूप टाळणे. बाहेरचे कुलूप ही ‘घरात कोणी नाही’ अशी पाटीच असते. दिवसा टेहळणी करणारा चोर जिन्यातून एक फेरी मारतो आणि कोणत्या मजल्यावर किती कुलपे लटकत आहेत एवढेच मोजून परततो. दाराच्या आत बसणारे मॉर्टाईज वा लॅचचे कुलूप बाहेरून पाहता घरात माणूस आहे की नाही, हे कळू देत नाही. खर्च थोडा अधिक येतो, पण सुरक्षेवर एकच खर्च करायचा ठरवला तर तो हा करावा, असे आमचे मत आहे.

किनारपट्टीला राहणाऱ्यांनी आणखी एका चोराची दखल घेतली पाहिजे. तो म्हणजे खारा वारा. मोरा, करंजा, न्हावा या बाजूला साधे लोखंडी कुलूप दोन पावसाळ्यांत गंजून घट्ट होते. मग ते नीट लागत नाही, आणि न लागणारे कुलूप लोक नुसते अडकवून ठेवू लागतात. येथे पितळी कुलूप उत्तम. स्टेनलेस स्टीलच्या कड्या घेताना ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टील मागावे. त्यात मॉलिब्डेनम असल्याने मिठाच्या हवेत ते अधिक टिकते. कुलपात खोबरेल किंवा यंत्राचे तेल ओतण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. त्या तेलात धूळ चिकटून किल्ली अडकते. त्याऐवजी ग्रॅफाईटची पूड, म्हणजे शिसपेन्सिलीच्या शिशाची भुकटी, फुंकून आत घालावी. खिडक्यांचे गज भिंतीत शिरतात तेथेच आधी कुजतात. दरवर्षी पावसाळा संपला की तो सांधा हाताने हलवून पाहावा आणि गंज खरवडून प्रायमर मारावा.

गंजाइतकीच वाळवी. बंदरासाठी विस्थापित झालेल्या शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांचे पुनर्वसन उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात झाले आणि तेथील घरांना लागलेल्या वाळवीचा प्रश्न घेऊन त्या ग्रामस्थांनी पुढे अनेक वर्षे लढा दिला. वाळवीने आतून पोखरलेली चौकट रंगामुळे बाहेरून धडधाकट दिसते. तळाशी स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबावा. तो आत रुतला तर त्या चौकटीला कोणतेही कुलूप लावणे व्यर्थ आहे. अशा ठिकाणी लाकडाचा हट्ट सोडून लोखंडी किंवा ग्रॅनाईटची चौकट बसवावी.

खिडकीच्या जाळ्यांबाबत एक इशारा द्यायलाच हवा. चोराच्या धास्तीने सर्व खिडक्या आणि बाल्कनी पेटीसारख्या ग्रिलने बंद करून टाकल्या जातात. आग लागली आणि दारातून बाहेर पडता येईना, तर हीच ग्रिल आतल्या माणसांच्या जिवावर उठते. किमान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप हवी. तिच्या कुलपाची किल्ली खिडकीतून हात घालून मिळणार नाही, पण घरातील प्रत्येकाला अंधारातही सापडेल, अशा जागी टांगावी.

घर बंद असते तेव्हा

चोरीचा हंगाम आपणच ठरवून देतो. मे महिन्याची सुटी, दिवाळी आणि मुख्यतः गणपती. द्रोणागिरी, उलव्यातील निम्मी इमारत गणपतीला गावी जाते आणि एका मजल्यावर चार-चार घरे एकाच वेळी बंद असतात. स्थानिक आगरी-कोळी कुटुंबांच्या बाबतीत हळदीची रात्र जोखमीची. सारे घर मांडवात, नाचगाणे पहाटेपर्यंत, कर्ण्याच्या आवाजात शेजारच्या दाराचा आवाज कोणाला ऐकू जाणार? शिवाय लग्नासाठी बँकेच्या लॉकरमधून काढून आणलेले दागिने त्याच आठवड्यात कपाटात असतात. जे दागिने अंगावर घालायचे नाहीत ते घरी आणूच नयेत आणि मांडवापासून घरापर्यंत एखाद्या विश्वासू नातेवाइकाची पाळी लावावी.

गावी जाताना दूध आणि वर्तमानपत्र बंद करावे, हा सल्ला सर्वांना ठाऊक असतो, तरी दाराशी पडलेल्या वर्तमानपत्रांचा ढीग आजही दिसतोच. रात्रंदिवस जळत ठेवलेला दिवा उलट चुगली करतो. संध्याकाळी आपोआप लागणारा आणि रात्री विझणारा टायमर त्यापेक्षा बरा. किल्ली पायपुसण्याखाली, कुंडीत किंवा मीटरच्या पेटीत ठेवू नये. प्रवासाची छायाचित्रे मोबाईलवरील ‘स्टेटस’ला टाकण्याचा मोह परतीपर्यंत आवरावा. शेजाऱ्याला मात्र तारखेसह सांगून जावे.

दागिन्यांसाठी बँकेचे लॉकर अधिक सुरक्षित, हे खरेच. पण त्याच्याही मर्यादा माहीत हव्यात. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतील जुईनगर येथे चोरट्यांनी बँकेलगतच्या इमारतीतील गाळा भाड्याने घेऊन दुकानाच्या आडून भुयार खणले आणि सुमारे ३० लॉकर फोडले. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बँकेच्या हलगर्जीपणामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या अपहारामुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत मर्यादित आहे. भाडे ३,००० रुपये असेल तर भरपाई जास्तीत जास्त तीन लाख, आत ठेवलेले सोने कितीही असो. बाकीच्यासाठी दागिन्यांचा स्वतंत्र विमा हाच मार्ग उरतो.

जुईनगरच्या प्रकरणाचा दुसरा धडा भाडेकरूंविषयीचा आहे. आपल्या भागात खोली वा गाळा भाड्याने देणे हा अनेक प्रकल्पग्रस्त कुटुंबांचा उत्पन्नाचा मुख्य आधार आहे, त्यामुळे ‘भाडे वेळेवर देतो ना, मग झाले’ ही वृत्ती समजण्यासारखी असली तरी परवडणारी नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याची सोय महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर आहे. पोलीस आयुक्तालयाचा तसा आदेश लागू असताना माहिती न देणाऱ्या घरमालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. ओळखपत्राची प्रत, मूळ गावाचा पत्ता आणि कामाच्या ठिकाणी स्वतः जाऊन केलेली खातरजमा, एवढे तरी व्हावेच. याचा अर्थ परप्रांतीय कामगाराकडे चोर म्हणून पाहावे, असा मुळीच नाही. यार्डात बारा-बारा तास राबणारा हा माणूस स्वतःच अनेकदा मोबाईल आणि पगाराच्या चोरीचा बळी असतो.

रस्त्यावरची वाहने

दुचाकी ही चोराला सर्वांत सोपी. हँडल लॉकवर विसंबणे चूक आहे, ते एका जोरदार झटक्यात तुटते. पुढच्या चाकाला डिस्क लॉक आणि शक्य तेथे गाडी खांबाला बांधणारी जाड साखळी, असे दोन अडथळे असावेत. चोराला वेळ नको असतो. शेजारच्या उघड्या गाडीपेक्षा आपली गाडी दोन मिनिटे अधिक घेणारी असेल, तर तो पुढे जातो. मोरा बंदरावर गाडी लावून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाणारे आणि उरण मार्गावरील स्थानकांबाहेर गाडी सोडून लोकल पकडणारे दिवसभर तिकडे फिरकत नाहीत, हे चोरालाही ठाऊक असते. शक्यतो पैसे घेऊन पावती देणाऱ्या वाहनतळावरच गाडी लावावी. ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावली की वाहनतळ चालवणारा सुटला, असे नाही. किल्ली ताब्यात घेऊन गाडी लावणाऱ्या हॉटेलला अशा पाटीच्या आड दडता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीतील एका हॉटेलच्या प्रकरणात दिला होता.

मोटारीच्या बाबतीत जुन्या गाड्यांना गिअर लॉक किंवा स्टिअरिंगवरचा दांडा उपयोगी पडतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांचे दुखणे वेगळे आहे. त्यांची किल्ली बटण न दाबताही संदेश सोडते. तो दाराबाहेरून पकडून गाडीपर्यंत पोहोचवणारी उपकरणे चोरांकडे असतात. किल्ली दाराजवळच्या खुंटीला न टांगता झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवली तर हा संदेश बाहेर जात नाही. गाडीत बसवलेला जीपीएस ट्रॅकर डॅशबोर्डखाली सहज हाताला लागेल असा नसावा. नोंदणीची मूळ कागदपत्रे गाडीत ठेवणे म्हणजे चोराला विक्रीची सोय करून देणे. डिजिलॉकरमधील प्रत कायद्याने ग्राह्य आहे.

अति सुरक्षित क्रमांकपट्टीविषयी लोकांत कुरकूर फार झाली, परंतु तिचा उपयोग नाकारता येणार नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना ती बसूनच येते आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या वाहनांनाही ती बंधनकारक करण्यात आली. अॅल्युमिनियमच्या या पट्टीवर लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक व होलोग्राम असतो आणि तिचे स्नॅप लॉक एकदा काढले की पुन्हा वापरता येत नाही. चोरलेल्या गाडीला दुसरा क्रमांक लावून फिरवणे त्यामुळे कठीण होते.

अवजड वाहनांचा प्रश्न हा खास न्हावा शेव्याचा. यार्डात जागा मिळेपर्यंत ट्रेलर करळ, जासई, दास्तान फाट्याच्या रस्त्यांकडेला रात्र काढतात आणि चालक केबिनमध्ये झोपलेला असताना डिझेल, बॅटरी आणि जादा टायर गायब होतात. डिझेलच्या टाकीच्या तोंडात बसणारी, नळी आत जाऊ न देणारी जाळी आणि बॅटरीच्या पेटीला वेल्ड केलेली पट्टी हे दोन स्वस्त उपाय आहेत. बंदराने ट्रेलरसाठी मध्यवर्ती वाहनतळ उभारला आहे. रस्त्याकडेला थांबण्यापेक्षा तेथे थांबणे चालकाच्या जिवालाही सुखाचे.

कॅमेरा आणि विमा

सीसीटीव्ही कॅमेरा चोरी थांबवतोच असे नाही. तो नंतर चोर ओळखायला मदत करतो, तीही नीट लावला असेल तर. बहुतेक सोसायट्यांत कॅमेरे इतके उंच असतात की चित्रीकरणात टोप्या दिसतात, चेहरे नाहीत. प्रवेशद्वाराचा एक कॅमेरा तरी चेहऱ्याच्या उंचीजवळ हवा आणि एक येणाऱ्या वाहनांचा क्रमांक टिपणारा. रेकॉर्डर सुरक्षारक्षकाच्या टेबलावर नको, कुलूपबंद खोलीत हवा, कारण चोर तोही उचलून नेतात. चित्रीकरण किमान ३० दिवस राहावे. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. खाऱ्या हवेत आधी गंजतात ते वायरींचे जोड, म्हणून ते बंद पेटीत घ्यावेत. आणि दर महिन्याला कोणीतरी चित्रीकरण प्रत्यक्ष उघडून पाहावे. कॅमेरा सहा महिन्यांपासून बंद होता, हे पोलीस पंचनाम्याला आल्यावरच कळावे, ही आपल्या सोसायट्यांची जुनी परंपरा आहे! रक्षक पुरवणारी संस्था २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखालील परवानाधारक आहे का, हेही विचारून घ्यावे.

विम्याबाबत गैरसमज फार. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, पूर, भूकंप आदींसाठी आहे. तिच्यात चोरीची भरपाई मिळते ती अशा आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत आणि त्या आपत्तीमुळे झालेल्या चोरीचीच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. तेथेही अटींची भाषा वाचावी. पॉलिसीत ‘बळाचा वापर करून प्रवेश’ अशी व्याख्या असेल तर तसा वापर झाल्याचे दिसल्याखेरीज भरपाई मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हरचंद राय चंदनलाल प्रकरणात म्हटले आहे. म्हणजेच पायपुसण्याखालच्या किल्लीने दार उघडून चोरी झाली, तर सोने गेले ते गेलेच आणि दावाही फेटाळला जाण्याची भीती.

वाहनाच्या विम्यात कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, त्यामुळे दुसरी किल्ली हरवली असल्यास आधीच कळवून नोंद करावी. पोलिसांना लगेच खबर दिली, पण कंपनीला कळवण्यास उशीर झाला, एवढ्याच कारणावरून चोरीचा खरा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २४ जानेवारी २०२० रोजी गुरशिंदर सिंग प्रकरणात स्पष्ट केले. तरीही दोघांना त्याच दिवशी कळवणेच शहाणपणाचे. प्रादेशिक परिवहन कार्यालयालाही लेखी कळवावे. तपासात वाहन सापडले नाही तर पोलीस ‘अ’ समरी अहवाल सादर करतात. दाव्यासाठी तो कागद लागतो, म्हणून त्याचा पाठपुरावा सोडू नये.

चोरी झालीच तर

दार उघडे दिसताच आत शिरू नये. चोर आत असू शकतो. ११२ ला कळवावे आणि पोलीस येईपर्यंत कपाट, कड्या, सांडलेल्या वस्तू यांना हात लावू नये. बोटांचे ठसे घेण्याआधीच घर झाडून काढल्याचे प्रकार दुर्दैवाने नेहमीचे आहेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. भारतीय दंडविधानातील ३७९, ३८०, ४५४, ४५७ ही परिचित कलमे आता ३०३, ३०५ आणि ३३१ मध्ये सापडतील. घरातील चोरीला कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि माल वा प्रवासी वाहून नेणारे वाहन किंवा त्यातील माल चोरणेही याच कलमात आणले गेले आहे. ट्रेलर मालकांनी हे ध्यानात ठेवावे. चोरीच्या हेतूने सूर्यास्तानंतर केलेल्या घरफोडीला कलम ३३१ खाली १४ वर्षांपर्यंत, तर दिवसाच्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र ३०३ खालील साध्या चोरीत मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणून गेलेल्या वस्तूंची किंमत सांगताना घाईत अंदाजपंचे आकडा देऊ नये.

गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून खबर दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळण्याचा फिर्यादीला हक्क आहे आणि तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

सापडलेला मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतो, पण तो आपलाच आहे, हे दाखवावे लागते. येथेच बहुतेकांची अडचण होते. आजीच्या मोहनमाळेची पावती कोणाकडे असते? तेव्हा प्रत्येक दागिन्याचे वजन लिहून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावे. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो टिपून ठेवावा. टीव्ही, लॅपटॉप यांचे अनुक्रमांक आणि वाहनाचे इंजिन व चेसिस क्रमांकही त्याच यादीत असावेत. ही यादी घरातल्या कपाटात न ठेवता एक प्रत गावच्या भावाकडे किंवा मुंबईच्या मुलीकडे पाठवून द्यावी.